बागायती मक्यात एकरी ताटे (मक्याची झाडे) किती ठेवावीत?

चौपाटीवर भाजके कणीस घेताना आपण सर्वांत मोठे निवडतो. मुंबईत नोकरी करून गावाकडची बागायत सांभाळणाऱ्याची तीच नजर शेतात मात्र फसते. कारण धान्याच्या मक्याचा उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, एकट्या कणसाच्या आकारावर नव्हे, तर एकरात किती कणसे भरली आणि त्यांत दाण्यांचे वजन किती, यावर ठरतो.

म्हणून आधी वाण ठरवावे, मग अंतर. मध्यम व उशिरा पक्व होणारे वाण ७५ बाय २० सेंटिमीटरवर (दोन ओळींत ७५, ओळीतील दोन रोपांत २०) लावल्यास एकरी सुमारे २७ हजार ताटे बसतात, तर लवकर येणारे वाण ६० बाय २० सेंटिमीटरवर लावल्यास सुमारे ३४ हजार. उंच, पसरट पानांच्या वाणाची दाटी केली की ताटे एकमेकांवर सावली धरतात, शेंड्यावरचा तुरा (नर फुलोरा) आला तरी कणसाचे स्त्रीकेसर उशिरा निघतात, परागीभवन हुकते आणि काही ताटे वांझ, म्हणजे कणसाविना, राहतात. उभट पानांचे, मजबूत खोडाचे संकरित वाण तीच दाटी बरीच सोसते. संकरिताचे बियाणे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. ‘आफ्रिकन टॉल’ हे उंच वाण चाऱ्यासाठी उत्तम आहे; धान्यासाठी त्याच्या उंचीला भुलू नये.

दाटी वाढवण्याआधी पाण्याचा हिशोब करावा. तुरा येण्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडला, तर दाट पिकाचे नुकसान अधिक होते. त्या काळात कालव्याचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबण्याची भीती असेल, तर ताटे थोडी कमीच ठेवलेली बरी.

एकरी ६ ते ८ किलो बियाणे सरीच्या बगलेत, ४ ते ५ सेंटिमीटर खोल टोकावे आणि उगवणीनंतर विरळणी करून एका जागी एकच जोमदार रोप ठेवावे. मुंबई सेंट्रलहून रात्रीच्या एसटीने गावी पोहोचलात, की ५.४ मीटर लांबीची दोरी घेऊन शेतात उतरावे. ओळींतील अंतर ७५ सेंटिमीटर असल्यास दोरी एका ओळीलगत ताणून तेवढ्या लांबीतली रोपे मोजावीत आणि हजाराने गुणावे. एकरी संख्या मिळते. ६० सेंटिमीटरसाठी दोरी ६.७५ मीटर घ्यावी. पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढावी, बांधालगतची ओळ वगळावी.

काढणीच्या वेळी हीच मोजणी पुन्हा करावी. वांझ ताटे बरीच दिसली, तर पुढील हंगामात अंतर वाढवावे. पण प्रत्येक कणीस टोकापर्यंत गच्च भरलेले आढळले आणि पाण्याची खात्री असली, तर त्याच वाणाची थोडी अधिक ताटे आधी दोन-चार ओळींत लावून पाहावीत.