गोरखपूरहून लुंबिनी एका दिवसात: या चुका टाळा

सारनाथ, बोधगया, कुशीनगर, श्रावस्ती ही सगळी स्थळं भारतात. बुद्धांचा जन्म झाला ती लुंबिनी मात्र सीमेपलीकडे, नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातून निघणाऱ्या धम्मयात्रांमध्ये एक दिवस बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. सकाळी गोरखपूर किंवा कुशीनगर सोडायचं, सोनौलीला सीमा ओलांडायची, लुंबिनीचं दर्शन घ्यायचं आणि रात्री पुन्हा भारतात मुक्कामाला यायचं. नकाशावर हे सोपं दिसतं. गोरखपूर ते सोनौली साधारण शंभर किलोमीटर, तिथून लुंबिनी आणखी पंचवीस-तीस. प्रत्यक्षात अनेक गटांचा दिवस रस्त्यात, रांगेत आणि कागदपत्रांत संपतो, आणि जिच्यासाठी एवढ्या दूर आलो त्या जागी पाऊण तास हाती लागतो. आयुष्यभर पैसे साठवून यात्रेला आलेल्या आजीबाईंना जन्मस्थानावरच्या मायादेवी मंदिरात धावतपळत फिरावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. थोडी तयारी असली तर ही वेळ सहसा येत नाही.

"लुंबिनी दर्शन" एवढंच वाचून पैसे भरणं

यात्रा कंपनीच्या पत्रकात लुंबिनीचं नाव असतं, तास नसतात. पैसे भरण्याआधी सरळ विचारा: लुंबिनीच्या आवारात आम्हाला किती वेळ मिळणार? तीन तासांपेक्षा कमी सांगत असतील तर निघण्याची वेळ अलीकडे घ्यायला लावा. गोरखपूरहून सोनौलीला बसने अडीच ते तीन तास जातात, कुशीनगरहून निघालात तर आणखी तासभर. सोनौलीच्या अलीकडे मालट्रकची रांग कधी कधी कित्येक किलोमीटर लांबते आणि बसलाही तिच्या कडेने वाट काढावी लागते. सकाळी आठला गोरखपूर सोडलेली बस दुपारी एकच्या सुमारास लुंबिनीत पोचली, तर ती वेळेवर आली असंच म्हणायचं. पहाटे पाचला निघालं की अख्खा दिवस हाती राहतो.

डिसेंबर-जानेवारीत मात्र हा हिशेब उलटतो. हिमालयाच्या पायथ्याच्या या सखल पट्ट्यात, तराईत, त्या दिवसांत इतकं दाट धुकं पडतं की पहाटे निघूनही बस रांगतच जाते. त्या काळात एका दिवसाचा हट्ट सोडून लुंबिनीतच मुक्काम करणं शहाणपणाचं. आवाराबाहेर हॉटेलं आहेत, काही विहारांतही यात्रेकरूंची सोय होते. जमत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च निवडा. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारची असते, त्यामुळे त्या दिवशी स्थानिक लोकांची गर्दी वाढते, आणि वैशाख पौर्णिमेला तर पाय ठेवायला जागा नसते.

तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट पाहा. दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदानाच्या आधी ही सीमा काही काळ बंद ठेवतात. नेपाळमध्ये बंद किंवा चक्काजाम असेल तरी गाड्या अडकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा सोनौलीची वाहतूकही विस्कळीत झाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी गोरखपूरच्या हॉटेलात चौकशी केली तरी खरी परिस्थिती कळते.

बस पलीकडे जाणार की आपण चालत जाणार?

भारतीय नंबरची बस नेपाळात न्यायची तर पलीकडे बेलहियाला सीमाशुल्क भरावं लागतं. त्याला तिथे भन्सार म्हणतात. ते दिवसाच्या हिशेबाने भरायचं असतं, शिवाय गाडीचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठी गाडीची मूळ कागदपत्रं आणि चालकाचा परवाना हवा. मालकाने कागद गोरखपूरच्या ऑफिसात ठेवले असतील तर सगळा गट बेलहियाला उन्हात ताटकळतो. हा खर्च कोण देणार आणि कागद गाडीत आहेत का, हे दोन्ही प्रश्न निघण्याआधीच विचारून घ्या.

पुष्कळ यात्रा कंपन्या हा व्याप टाळतात. आपली बस सोनौलीत उभी करून लोकांना सीमेवरच्या कमानीतून चालत पलीकडे नेतात आणि तिथून नेपाळी बस घेतात. यात गैर काही नाही, पण ते आधी सांगितलं जात नाही आणि मग गोंधळ उडतो. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्शुलिन, पाण्याची बाटली, टोपी, स्वेटर सगळं भारतातल्या बसमध्ये राहतं आणि माणूस नेपाळात. खांद्याला एक छोटी पिशवी ठेवा. औषधं, ओळखपत्र, पैसे आणि पाणी त्या पिशवीतच.

आधार कार्डावर विसंबणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. ते बरोबर आहे. पण व्हिसा लागत नाही म्हणून कुठलंही कार्ड चालतं असं नाही. प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड चालतं ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या ज्येष्ठांना. त्यांना फोटो असलेलं आणि वय दाखवणारं दुसरं सरकारी ओळखपत्रही पुरतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखपत्र घ्यावं. एकच कुटुंब बरोबर असेल आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारी इतर कागदपत्रं चालतात. पण तुमच्या वस्तीतल्या चाळीस जणांचा गट म्हणजे एक कुटुंब नव्हे, हे आयोजकांनी लक्षात ठेवावं.

सोनौलीत पुष्कळदा कोणी काही विचारत नाही. ही चूक टिकून राहिली आहे ती त्यामुळेच. सशस्त्र सीमा बलाचे जवान किंवा नेपाळी पोलीस ज्या दिवशी गाडी थांबवून एकेकाचं कार्ड मागतात, त्या दिवशी दोन माणसांसाठी सगळी बस खोळंबते. मूळ कार्ड जवळ ठेवा. मोबाईलमधल्या फोटोवर भिस्त नको. प्रत्येकाची एक छायाप्रत गटप्रमुखाकडे असू द्या. कार्ड हरवलंच तर भारताचा दूतावास काठमांडूत आहे आणि वाणिज्य दूतावास बीरगंजला. लुंबिनीहून दोन्ही लांब, तेव्हा जवळच्या पोलिसांकडची तक्रार आणि ती छायाप्रत हाच तातडीचा आधार.

यात्रेत परदेशातून आलेली लेक किंवा जावई असतील आणि त्यांच्याकडे अमेरिकेचा, ब्रिटनचा पासपोर्ट असेल, तर त्यांचा मामला पूर्ण वेगळा. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, भारतासाठी आहे, नेपाळसाठी नाही. त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो बेलहियाला मिळतो. त्याआधी सोनौलीच्या भारतीय इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि परतताना दोन्ही बाजूंना पुन्हा हेच करायचं. भारतीयांची बस या कार्यालयांसमोर आपणहून थांबत नाही. मार्गदर्शकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. शिक्का न घेता पुढे गेलं तर परतताना उत्तरं देत बसावं लागतं. ओसीआय नसलेल्या परदेशी पाहुण्यांचा भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर त्यांनी लुंबिनीला जाऊच नये, कारण परत येण्याची वाट बंद होते.

आयसी की एनसी?

सीमेवर हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे गणित सोपं. चूक होते ती कोणत्या रुपयात बोलणं चाललंय हे न विचारल्याने. ई-रिक्षावाला "तीनशे" म्हणतो, आपण आयसी समजून नोटा काढतो आणि त्याच्या मनात एनसी असतात. बसण्याआधी विचारा आणि आकडा दोघांनी मोठ्याने म्हणा.

नोटा शंभरच्या न्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पुढे नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या तरी छोटा दुकानदार पाचशेची नोट हातात घ्यायला कचरतो. शंभरची नोट कुणीही घेतो. सुटे परत मिळतील ते बहुधा नेपाळी. ते परतण्याआधी सीमेपलीकडच्या भैरहवा शहरात चहापाण्यात संपवा.

मार्च २०२४ पासून नेपाळच्या फोनपे क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं. नाव सारखं असलं तरी ही फोनपे नेपाळची वेगळी कंपनी आहे. पैसे जायला इंटरनेट लागतं आणि अडचण नेमकी तिथेच येते.

घड्याळ आणि फोन

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. फरक क्षुल्लक वाटतो, पण बस चुकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. लुंबिनी सीमेजवळ असल्याने काही फोन नेपाळी टॉवर पकडतात आणि घड्याळ आपोआप बदलतं, तर काहींवर भारतीय वेळच राहते. मार्गदर्शक "तीन वाजता गेटवर" म्हणतो तेव्हा अर्ध्या गटाचे तीन आधी वाजलेले असतात. मार्गदर्शकाला विचारा: कोणते तीन? सगळ्यांनी फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून दिवसभर भारतीय वेळ धरली तर वाद उरत नाही.

प्रीपेड भारतीय सिम रोमिंगचा पॅक नसेल तर पलीकडे मुकं होतं. मार्गदर्शकाचा नेपाळी नंबर, बसचा नंबर आणि भेटायची जागा कागदावर लिहून प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात ठेवा. नेपाळात पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२.

विहार आधी, मंदिर शेवटी ठेवणं

लुंबिनी म्हणजे एक मंदिर अशी समजूत करून लोक येतात. प्रत्यक्षात जपानी वास्तुकार केन्झो तांगे यांच्या आराखड्यानुसार, जो १९७८ मध्ये मंजूर झाला, हा परिसर सुमारे पावणेपाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक रुंद आहे. दक्षिणेला पवित्र उद्यान, मधून उत्तरेकडे जाणारा कालवा, त्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान आणि वज्रयान परंपरेचे. पार उत्तरेला पांढरा जागतिक शांती स्तूप. हे सगळं पायी करायचं म्हटलं तर ज्येष्ठांचे पाय दिवसभर पुरत नाहीत. ई-रिक्षा ठरवा.

पण क्रम मार्गदर्शकावर सोडू नका. काही मार्गदर्शक आधी विहारांत आणि दुकानांत फिरवतात आणि मायादेवी मंदिर शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलतात. तुम्ही आग्रहाने सांगा की आधी मायादेवी मंदिर. काही विहार दुपारी बंदही असतात, तेव्हा ती वेळ मंदिरातच गेलेली बरी. तिकीट खिडकी बाहेरच आहे. भारतीयांचा दर वेगळा असतो, म्हणून ओळखपत्र हाताशी ठेवा. चपला बऱ्याच आधी काढाव्या लागतात आणि एप्रिलनंतर फरशी चटके देते, तेव्हा पायात मोजे असू द्या.

मंदिराच्या आत फोटो काढायला मनाई आहे. त्यावरून पहारेकऱ्यांशी हुज्जत घालण्यात रांगेचा वेळ जातो आणि ज्यासाठी आलो ते बघायचं राहतं. आत जुन्या विटांच्या भिंतींभोवती फिरण्याची वाट आहे, जन्मस्थानाची खूण असलेला दगड काचेखाली आहे आणि वर जन्मप्रसंगाचं झिजलेलं शिल्प. २०१३ मध्ये रॉबिन कनिंगहॅम आणि कोषप्रसाद आचार्य या पुरातत्त्वज्ञांच्या चमूने याच विटांखाली लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं; त्यांच्या मते ते इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातलं आहे.

बाहेर आल्यावर अशोकस्तंभापाशी घाईने सेल्फी काढून पुढे जाऊ नका. हा स्तंभ १८९६ मध्ये पुन्हा उजेडात आला. त्यावरच्या ब्राह्मी लेखात पाली जाणणाऱ्याला लगेच कळेल अशी ओळ आहे: "हिद बुधे जाते सक्यमुनी ति", म्हणजे इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, त्याने पूजा केली आणि लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ करून उत्पन्नातला राजाचा वाटा आठवा हिस्सा ठेवला, असंही त्यात आहे. जन्मस्थान हेच, असं आपण आज ठामपणे सांगू शकतो ते या लेखाच्या बळावर. गटातल्या कुणीतरी ही ओळ मोठ्याने वाचून अर्थ सांगावा. त्रिसरण, पंचशील आणि बुद्धवंदना पुष्करिणीकाठच्या पिंपळाखाली बसून घेता येते. मंदिरात मोठ्याने म्हणू नये, मागे रांग थांबते.

पत्रकात "कपिलवस्तू", म्हणजे शाक्यांची राजधानी, लिहिलं असेल तर कोणतं ते विचारा, कारण दोन जागा त्या नावाने दाखवतात. नेपाळमधलं तिलौराकोट लुंबिनीच्या पश्चिमेला आहे आणि तिथे जायला-यायला वेगळा वेळ हवा. उत्तर प्रदेशातलं पिप्रहवा, जिथे १८९८ मध्ये अस्थिकलश सापडला, भारतात आहे. दोन्ही एका दिवसात लुंबिनीबरोबर कोंबली की लुंबिनीचा वेळ कापला जातो.

परतताना

सीमेवर कुणी "एवढं पाकीट पलीकडे द्या" म्हणालं तर घेऊ नका, मग तो बसमधल्याच कुणाचा ओळखीचा का असेना. भैरहवात स्वस्त दिसणाऱ्या वस्तूंचा ढीग खरेदी केला तर परतताना कर मागितला जाऊ शकतो, पावत्या ठेवा.

आणि बस चुकलीच तर घाबरू नका. लुंबिनीहून भैरहवाला स्थानिक बस आणि जीप मिळतात. भैरहवाहून बेलहिया चारेक किलोमीटर, ई-रिक्षा मिळते. भारतीय नागरिक कमानीतून चालत अलीकडे येऊ शकतो, आणि सोनौलीहून गोरखपूरला उत्तर प्रदेश परिवहनच्या बस सुटतात. फक्त अंधार पडायच्या आत निघा, आणि सीमा ओलांडून भारतीय सिमला रेंज आली की पहिला फोन गटप्रमुखाला करा, म्हणजे तिकडे शोधाशोध थांबेल.