नवी लिनक्स टाकल्यावर मेनूतून विंडोज गायब
विंडोज आणि एक लिनक्स असलेल्या मशीनवर दुसरी लिनक्स टाकली आणि ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत फक्त नवीच उरली. अशा वेळी घाबरून पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसू नका, डेटा जागेवरच असतो. ग्रब 2.06 पासून इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद असतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स लिहिलं, टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब चालवलं, दोन्ही परत आल्या.

तरीही विंडोज दिसत नसेल तर /सिस/फर्मवेअर/ईएफआय फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या, मोडमध्ये चालला होता, आणि त्या ग्रबला यूईएफआय या नव्या बूट पद्धतीनं बसवलेलं विंडोज सुरू करता येत नाही. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये बूट करून पुन्हा इन्स्टॉल करणंच बरं. बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारे प्रोग्राम, जिथे असतात ते जुनं ईएफआय पार्टिशनच निवडा, पण त्यावरची फॉरमॅटची खूण आठवणीनं काढा. राहिली तर विंडोजचा बूटलोडरही जातो.