विंडोजवरची एसक्यूलाइट फाइल लिनक्सवर नेली की शेवटच्या नोंदी गायब

दुकानातल्या विंडोज संगणकावरून एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरची फाइल रोज घरच्या लिनक्सवर कॉपी करायचो. फाइल उघडायची, पण संध्याकाळच्या नोंदीच नसायच्या. इंटेग्रिटी चेक (फाइल बिघडली आहे का ते पाहणारी तपासणी) ‘ओके’ म्हणायचा. ड्रायव्हर बदलला, एन्कोडिंग तपासलं. चार रात्री वाया गेल्या. या फाइलचा साचा सगळ्या प्लॅटफॉर्मवर एकच असतो, म्हणजे दोष तिथे नव्हताच. डेटाबेस वॉल (WAL, म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’) मोडमध्ये होता: चेकपॉइंट होईपर्यंत, म्हणजे मुख्य फाइलमध्ये उतरवल्या जाईपर्यंत, ताज्या नोंदी शेजारच्या ‘-wal’ फाइलमध्ये राहतात, आणि ती मी नेतच नव्हतो.

आता आधी कालची प्रत हलवतो, कारण त्याच नावाची भरलेली फाइल असेल तर प्रत काढायचा आदेश चालत नाही. मग चालू डेटाबेसवरच ‘व्हॅक्यूम इनटू’ (VACUUM INTO) हा आदेश देऊन नव्या फाइलमध्ये पूर्ण प्रत काढतो (एसक्यूलाइटची आवृत्ती ३.२७ किंवा पुढची हवी). तेवढी एकच फाइल नेतो. शेवटी तिच्यातल्या ओळी मोजतो. आकडा मूळ डेटाबेसशी जुळतो.