निवृत्तांचे अभ्यासमंडळ आपल्या गल्लीत कसे सुरू करावे आणि कसे टिकवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत निवृत्त माणसांना एकत्र बसण्यासाठी जागा नव्याने शोधावी लागत नाही. देवळाचा कट्टा, वाचनालयातले वर्तमानपत्रांचे टेबल, सकाळच्या फेरीच्या वाटेवरचा बाक हे सारे पूर्वापार आहे. तिथे पेन्शनच्या फरकाची आणि गुडघ्यांची चौकशी होते, राजकारण होते, आणि उन्हे वर आली की मंडळी घरोघर पांगतात. या बैठकीला वार, विषय आणि वही दिली की तिचे अभ्यासमंडळ होते.

अशा मंडळांच्या दोन रीती जगात रूढ आहेत. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये ज्येष्ठांसाठी विद्यापीठानेच वर्ग उघडले आणि तिथे शिकवायला प्राध्यापक होते. हीच कल्पना पुढे ब्रिटनमध्ये गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी सभासदांनीच सभासदांना शिकवावे असा पायंडा पाडला. आपल्या भागाला ही दुसरी रीत मानवते, कारण तिला मानधनाचा खर्च नाही आणि प्रत्येक गल्लीत शिकवण्याजोगे काहीतरी येणारी माणसे बसलेली आहेत.

आधी माणसे, मग मंडळ

सुरुवात सात-आठ जणांपासून करावी. ते सगळे एकाच खात्यातून निवृत्त झालेले नसावेत, नाहीतर मंडळाची पेन्शनर संघटना होते. शिक्षक आणि बँकवाले बोलावल्याशिवाय येतात. माजी सैनिक, फाउंड्रीतले कामगार, शहापूर-वडगावचे विणकर, बसचे वाहक यांच्याकडे मात्र मुद्दाम जावे लागते, आणि ‘आम्ही काय शिकवणार?’ हे त्यांचे पहिले वाक्य मनावर घेऊ नये. महिलांना बोलावताना ‘निवृत्त’ या शब्दावर अडून बसू नये, कारण गृहिणीला निवृत्तीचे पत्र कधीच मिळत नाही. सकाळी अकराची वेळ ठरवली तर त्या येऊ शकत नाहीत. दुपारी चार ते साडेपाच ही वेळ आमच्याकडे सर्वांना जमली.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला एक कागद द्यावा आणि त्यावर दोनच गोष्टी लिहायला सांगाव्यात: मला काय येते आणि मला काय शिकायचे आहे. ही यादी म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचा कार्यक्रम. दोन रकान्यांची जुळणी करताना गंमत येते. ज्याला मोबाइलवरून वीजबिल भरता येत नाही, त्याला पेटी वाजवता येते, आणि ज्याला पेटी शिकायची आहे तो बिले भरण्यात वाकबगार असतो.

एक चूक आम्ही केली ती सांगतो. पहिल्याच महिन्यात उद्घाटन ठेवले, पाहुणे बोलावले, शाल आणि श्रीफळे आणली. भाषणे दोन तास चालली आणि पुढच्या बैठकीला पाच जण उरले. उद्घाटन करायचेच असेल तर वर्षानंतर करावे.

जागा, पैसा आणि नोंदणी

जागा तळमजल्यावरची असावी, स्वच्छतागृह जवळ असावे, आणि खुर्च्यांना हात असावेत, म्हणजे उठताना आधार मिळतो. पंख्याचा आवाज मोठा असेल तर ऐकू कमी येणाऱ्यांना बोलणाऱ्याच्या उजव्या-डाव्या बाजूला पहिल्या रांगेत बसवावे. वर्गणी महिन्याला चहापाणी आणि झेरॉक्स निघेल इतकीच ठेवावी. नोंदणीची घाई नको. मंडळ वर्षभर टिकले, देणगी किंवा सरकारी जागा मागण्याची वेळ आली, तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० याखाली किमान सात जणांच्या सह्यांनी नोंदणी करता येते. बँकेतले खाते मात्र पहिल्या दिवसापासून दोघांच्या सह्यांचे असावे; त्यात कोणावरही अविश्वास नसतो, माणूस आजारी पडला तर व्यवहार अडू नये एवढाच हेतू असतो.

एका बैठकीची मांडणी

नव्वद मिनिटांपैकी चाळीस मिनिटे एकाने दाखवावे, तीस मिनिटे इतरांनी करून पाहावे, आणि उरलेला वेळ चहाला द्यावा. ‘दाखवावे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आमच्याकडे फाउंड्रीतून निवृत्त झालेल्या एका मोल्डरने, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारागिराने, भाषण करायला साफ नकार दिला. त्याने एक लाकडी पॅटर्न (ओतायच्या भागाचा नमुना), एक चौकट आणि पिशवीभर वाळू आणली. वाळू मुठीत दाबून उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तेव्हा तो म्हणाला, ‘आता ही साच्याला लायक.’ पॅटर्न खऱ्या भागापेक्षा शेकडा एकाने मोठा का करतात, हे त्याने विचारले आणि चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंना उत्तर देता आले नाही. ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसते, म्हणून. त्या दिवशी चहा गार झाला.

कन्नड वाचनाचा वर्ग

सीमाभागातल्या मंडळाने हा वर्ग घ्यावाच, असे माझे ठाम मत आहे. सीमाप्रश्नावर कोणाचे काय मत आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ती चर्चा घराघरांत आहे आणि कट्ट्यावर चालूच राहील. प्रश्न रोजचा आहे: आपल्यातल्या अनेकांना कन्नड बोलता येते, पण जमिनीचा उतारा, पाणीपट्टीची नोटीस आणि बसचा फलक वाचून घेण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते.

अक्षरे शिकताना मराठी माणसाचे निम्मे काम आधीच झालेले असते. दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आल्या, त्यामुळे क, ख, ग, घ हा क्रम तोच आहे आणि ‘ळ’ही दोघांकडे आहे. अडखळण्याच्या जागा दोन. पहिली म्हणजे कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे स्वर आहेत. ‘बेळगावी’ हे नाव कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि शेवटी ऱ्हस्व इ असे लिहितात. दुसरी म्हणजे जोडाक्षर. आपण बहुतेक वेळा पहिले अक्षर अर्धे करतो. कन्नडमध्ये पहिले अक्षर पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी लहान होऊन बसते. बसस्थानकावरच्या ‘निल्दाण’ या शब्दात ‘ल’ पूर्ण दिसतो आणि ‘द’ त्याच्या खाली. हे एकदा ध्यानात आले की निम्मे फलक उलगडतात.

पुस्तकाने सुरुवात करू नये. बसचे तिकीट, औषधाच्या दुकानाची पाटी, वीजबिल हीच पाठ्यपुस्तके. आठवड्याला पाच अक्षरे, आणि दर शनिवारी बसस्थानकावर जाऊन अर्धा तास फलक वाचणे. कन्नड मातृभाषा असलेला शेजारी वर्गाला मिळाला तर त्याला मराठी वाचनाचा वर्ग त्याच खोलीत द्यावा. देवाणघेवाण झाली की संकोच राहत नाही.

मोबाइलचा वर्ग

ऑक्टोबरपर्यंत हा वर्ग पूर्ण करावा, कारण केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि ऐंशीच्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप लागतात. आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक आणि खाते क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावेत. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्यांचा चेहरा काळा येतो आणि मग अ‍ॅपवर राग निघतो. विणकामाने किंवा शेतकामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना अंगठ्यापेक्षा चेहऱ्याची पद्धत सोपी जाते.

फसवणुकीवर व्याख्यान ठेवू नये, तालीम ठेवावी. एका सभासदाने शेजारच्या खोलीतून पोलीस बनून फोन करावा, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, फोन ठेवू नका’ असे दरडावावे, आणि दुसऱ्याने फोन ठेवण्याचा सराव करावा. हसू येते, पण प्रत्यक्ष तसा फोन आला की हात आपोआप लाल बटणाकडे जातो. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, हे दोन मुद्दे प्रत्येकाच्या वहीत हवेत.

सहल

आपल्याकडचा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगणातही उतरू देत नाही, म्हणून सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवाव्यात. एका दिवशी एकच ठिकाण. पहिली सहल शहरातच करावी: बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर, आणि टिळकवाडीतली १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन होते. दुसऱ्या वर्षी हलशीला जावे. खानापूर तालुक्यातल्या त्या गावी भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. कर्नाटकातील रहिवासी महिलांना जून २०२३ पासून राज्य महामंडळाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, तेव्हा खास गाडी करण्याआधी बसचे वेळापत्रक पाहावे. एका सभासदाने आधी वाचून यावे आणि तिथे उभे राहून पंधरा मिनिटांत सांगावे; पंधरा मिनिटांनंतर ऐकणाऱ्यांचे पाय बोलू लागतात.

महिन्याचे वार्तापत्र

व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळच्या फुलांखाली बैठकीची सूचना बुडून जाते. त्यामुळे महिन्याला एक कागद, पाठपोट, मोठ्या अक्षरांत छापावा. त्यात झालेल्या बैठकीत काय शिकलो ते चार ओळींत, पुढच्या बैठकांचे वार, वेळ आणि काय घेऊन यायचे ते, जमाखर्च, आणि कोण आजारी आहे, कोण बरे होऊन परतले हे असावे. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य छापायचे नाही, असा नियमच करावा, कारण ते वाचून न आलेल्याला काहीच कळत नाही. ‘वाळूत पाणी जास्त झाले तर ओतकामात छिद्रे पडतात’ असे लिहिले की तो पुढच्या वेळी येतो.

एक प्रत वाचनालयात फायलीला लावावी. अंथरुणाला खिळलेल्या सभासदाची प्रत दारातून टाकू नये. ती पोचवण्याची पाळी लावावी, आणि पाळी ज्याची असेल त्याने शेजारी बसून ती वाचून दाखवावी.