लाटेवरच्या आद्य स्त्रियांना मानवंदना देणारी छायाचित्रमालिका कशी करावी

सर्फिंग (फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ) करणाऱ्या आद्य स्त्रियांच्या स्मरणार्थ छायाचित्रमालिका करायची असेल, तर कॅमेऱ्याच्या आधी एक वही हाती घ्यावी आणि तिच्यात नावे लिहावीत. जुनी छायाचित्रे चाळताना मला सर्वांत जास्त बोचले ते हे, की फळीवरच्या पुरुषाचे नाव खाली छापलेले असते आणि त्याच्या पुढ्यात उभी असलेली स्त्री मात्र पुष्कळदा निनावी राहते. त्या स्त्रीला तिचे नाव परत मिळवून देणे हा या मालिकेचा हेतू आहे, आणि पुढचा प्रत्येक निर्णय याच हेतूवर पारखून घ्यावा.

सुरुवातीला तीन-चार नावे पुरेशी आहेत. हवाईची राजकन्या काइउलानी (१८७५–१८९९) हिची झालरीच्या पोशाखातली स्टुडिओतली छायाचित्रे सहज पाहायला मिळतात; पण ती उत्तम सर्फिंग करीत असे आणि तिची लाकडी फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जपून ठेवलेली आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सिडनीची इझाबेल लेथम (१८९९–१९९५) १९१५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हवाईचा प्रख्यात सर्फर ड्यूक कहानामोकू याच्यासोबत एकाच फळीवरून लाटेवर स्वार झाली. लिंडा बेन्सन हिने १९५९ मध्ये, तीही पंधरा वर्षांचीच असताना, हवाईतील मकाहा येथील स्पर्धा जिंकली; आणि १९६४ मध्ये सिडनीच्या मॅनली किनाऱ्यावर फिलिस ओ’डोनेल स्त्रियांमधील पहिली जगज्जेती ठरली. आपल्याकडचे नाव लिहायचे तर मुंबईत वाढलेल्या आणि कर्नाटकातील कोडी बेंगरे येथे सर्फिंग शिकवणाऱ्या ईशिता मालवीय हिचे लिहावे.

प्रत्येक नावासमोर तिच्या आयुष्यातली एकच दृश्य गोष्ट लिहावी, कारण छायाचित्र तिथूनच सुचते. काइउलानीसाठी फळी आणि तिच्यावर टेकलेला हात पुरे. लेथमने पुढे सांगितले होते, की लाटेच्या टोकावरून खाली पाहताना आपण कड्याच्या काठावर आहोत असे तिला वाटले, आणि ड्यूकने तिची मानगूट धरून तिला उभे केले. तेव्हा तिच्यासाठी टिपायचा क्षण तोच: पालथी असलेली मुलगी फळीवर उभी राहते तो. फक्त आपल्या छायाचित्रात ती आपली आपण उभी राहील.

हा क्षण जेमतेम सेकंदभराचा असतो, म्हणून किनाऱ्यावर जाण्याआधी हात इथे पुण्यातच बसवून घ्यावा. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर सकाळी लवकर उभे राहावे, ओळखीच्या मैत्रिणीला समोरून सायकल चालवत जायला सांगावे, आणि सतत फोकस व सलग शटर या दोन्ही सोयी चालू ठेवून तिचा चेहरा चौकटीत एकाच जागी टिकवण्याचा सराव करावा. आधी १/१००० सेकंदाने काढावे, मग १/३० सेकंदाने. पहिल्यात थेंबनथेंब गोठतो, दुसऱ्यात पार्श्वभूमी वाहती होते आणि वेग दिसतो. किनाऱ्यावरून काढण्यासाठी १००–४०० मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते.

वेळेची निवड ही या कामातली खरी विद्या आहे. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि लाटेवरच्या स्त्रीचा चेहरा उजळ दिसतो. शिवाय शाळेत शिकलेले मतलई वारे त्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, त्यामुळे फुटू पाहणारी लाट थोडी अधिक काळ उभी राहते आणि तिचे अंग काचेसारखे गुळगुळीत होते. दुपार कलली की खारे वारे सुटतात आणि पाणी विस्कटते. भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करावा. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. दक्षिणेकडे, कर्नाटकात मुल्की किंवा कोडी बेंगरेला जायचे असेल तर भरती याहून थोडी आधी येते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून दिवस ठरवावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी. पावसाळ्यात या कामासाठी समुद्रात उतरू नये. ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य.

पाण्यात उतरून छायाचित्रे काढायची असतील, तर स्वतःला उत्तम पोहता आले पाहिजे, पायांत फिन्स (पोहताना घालायचे रबरी पंखे) हवेत आणि तिथला समुद्र जाणणारा जीवरक्षक किंवा प्रशिक्षक सोबत हवा. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची परीक्षा आदल्या रात्री घ्यावी: आत कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू कागद घालून पेटी बादलीत पंधरा मिनिटे दाबून धरावी. रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस बोटाने हलके लावावे आणि ते उजेडात फिरवून पाहावे. एकदा मी ते पाहिले नाही. कड्यावर केसाचा एक तुकडा आडवा राहिला होता, पापणीच्या केसाएवढा. तिसऱ्या लाटेनंतर काचेच्या आतल्या बाजूने एक थेंब हळूहळू खाली ओघळताना मला दिसला, आणि तो कॅमेरा पुन्हा कधी चालू झाला नाही. तेव्हापासून मी केस फडक्यात घट्ट बांधल्याशिवाय पेटी उघडत नाही. पेटीच्या पुढच्या पारदर्शक घुमटावर थेंब साचू नयेत म्हणून तो पाण्यात बुडवून ओला ठेवावा, आणि बाहेर आल्यावर सगळे साहित्य गोड्या पाण्याने धुवावे.

जिचे छायाचित्र काढायचे, तिच्याशी आधी सविस्तर बोलावे. तिला वहीतली नावे वाचून दाखवावीत, कोणाची आठवण घेऊन तिला लाटेवर जावेसे वाटते ते विचारावे, आणि कोणती छायाचित्रे लोकांसमोर येतील हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडेच ठेवावा. तिला नऊवारी नेसवून फळीवर उभे करण्याची कल्पना पुष्कळजण सुचवतात. मी ती कटाक्षाने टाळते: ओले लुगडे पायांत गुरफटते, त्याने जिवाला धोका होतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष कौशल्यावरून वेशभूषेवर जाते. ती रोज जे घालून सर्फिंग करते तेच घालावे. चौकट निवडताना गुडघ्यांचा बाक, पुढच्या पायाची जागा, लाटेकडे लागलेली नजर, यांना प्राधान्य द्यावे.

प्रकाशाचे मोजमाप (एक्स्पोजर) कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः ठरवावे, कारण गडद पाणी पाहून कॅमेरा फसतो आणि फेस पांढराफटक पडतो. फेसातला तपशील राखावा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या) स्वरूपात घ्यावी आणि नंतर चेहऱ्यावरची सावली बेताने उघडावी. मात्र उन्हाने रापलेला रंग उजळ करू नये. तो तिच्या मेहनतीचा रंग आहे.

छपाईसाठी सायनोटाइप ही उन्हात निळी प्रतिमा उमटवणारी पद्धत मला या विषयाला सर्वांत साजेशी वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये ती शोधली आणि १८४३ पासून ॲना ॲटकिन्स या स्त्रीने तीच वापरून समुद्रशैवालांच्या निळ्या प्रतिमांचे पुस्तक सिद्ध केले. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे हातमोजे घालून, मंद पिवळ्या दिव्यात समप्रमाणात मिसळावीत आणि कागदावर रुंद ब्रशने एकसारखी पसरावीत. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून दोन-तीन जातींचे कागद आणून आधी लहान तुकड्यांवर पाहावे, कारण प्रत्येक कागद द्रावण वेगळे पितो. कागद अंधारात वाळला, की पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह त्यावर काचेखाली दाबून गच्चीवरच्या उन्हात ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हात दहा मिनिटांच्या आसपास पुरतात. तरी आधी कागदाची एक पट्टी उन्हात ठेवून, ती थोडी थोडी झाकत चाचणी घ्यावी. मग पिवळेपणा पूर्ण निघेपर्यंत पाण्यात धुवावे. हिरवट कागदावर समुद्राची निळाई चढू लागते आणि फेस पांढरा उमटतो, तेव्हा हात थांबवून थोडा वेळ नुसते पाहावे.

बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन मिळो वा घराची भिंत, चित्रे डोळ्यांच्या उंचीवर लावावीत आणि चित्राखालची नावाची पट्टी छापील न करता हाताने लिहावी. वरच्या ओळीत लाटेवरच्या स्त्रीचे पूर्ण नाव आणि तिचे गाव. खालच्या ओळीत जिच्या स्मरणार्थ चित्र काढले तिचे नाव, ठिकाण आणि साल. छायाचित्रकाराचे नाव सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात.