पिक्सेल आर्टचा गेम करताय? आधी माप ठरवा

१९८१ च्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेममध्ये मारिओला मिशी मिळाली, कारण तेवढ्या पिक्सेलमध्ये तोंड काढणं जमत नव्हतं. डोक्यावर टोपी आली, कारण केस काढणं अवघड होतं. चेहरा घडवला तो मापाने. म्हणून पात्र रंगवायला बसण्याआधी स्क्रीनचं माप पक्कं करा.

३२० × १८० पिक्सेल घ्या. ४ पट केलं की १२८० × ७२०, ६ पट केलं की १९२० × १०८०, म्हणजे प्रत्येक पिक्सेल अचूक चौकोनी राहतो. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर हिशोब ४.२७ पट येतो. तिथे ४ पटच ठेवा आणि कडेला काळी पट्टी सोडा. ताणून स्क्रीन भरलीत तर काही पिक्सेल ४ चे, काही ५ चे होतात आणि पात्र चालताना त्याच्या कडा लवलवतात.

टाइल, म्हणजे जमीन-भिंती जोडून बनवायचा चौकोनी तुकडा, १६ × १६ ची, नायक १६ × २४ चा पुरतो.

रंग १६ च्या वर नेऊ नका. प्रत्येक वस्तूला सावली, मूळ रंग आणि उजेड अशा ३ छटा. सावलीसाठी नुसता काळा मिसळला की रंग मळकट होतो. सावली निळ्याकडे झुकवा, उजेड पिवळ्याकडे. गवत हिरवं असेल तर सावली निळसर हिरवी आणि पात्यांची टोकं पोपटी. एवढ्यानेही गवतावर ऊन पडल्यासारखं वाटतं.

मग पूर्ण दृश्य कृष्णधवल करून बघा. नायक मागच्या झाडीत हरवला, तर त्याचा सदरा लाल करून भागणार नाही. झाडी फिकी करा. ही तपासणी अजिबात टाळू नका. खेळणाऱ्याला उडी कुठे मारायची हे क्षणात दिसलं पाहिजे.

गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणल्यावर चित्र धूसर दिसलं तर दोष चित्राचा नाही. चित्र मोठं करताना इंजिनचा फिल्टर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो, म्हणून कडा विरघळतात. गोडो इंजिनमध्ये फिल्टर 'निअरेस्ट', युनिटी इंजिनमध्ये 'पॉइंट' ठेवा आणि कॉम्प्रेशन बंद करा.

मोठा राक्षस हवा म्हणून छोटा स्प्राइट, म्हणजे पात्राचं चित्र, दुप्पट ताणू नका. शेजारीशेजारी दोन मापांचे पिक्सेल लगेच डोळ्याला खुपतात. ३२ × ३२ चा नवा काढा. तलवारही इंजिनमध्ये तिरकी फिरवली की तिची धार दातेरी होते, तेव्हा तिरक्या स्थिती हातानेच काढा. उजवीकडची तलवार आरशासारखी उलटवून डावीकडे चालते, त्यामुळे ८ दिशांसाठी ५ चित्रं पुरतात.