ऑफिसच्या इमारतीत घर: न्यूयॉर्कमध्ये भाड्याने घेताना या चुका टाळा

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटच्या आसपास, जिथे पूर्वी बँकांची आणि दलालांची ऑफिसं होती तिथे आता लोक राहतात. २५ वॉटर स्ट्रीट ही १९६९ सालची ऑफिसची इमारत. तिच्यात आता सुमारे १,३०० घरं आहेत. १६० वॉटर स्ट्रीट, ५५ ब्रॉड स्ट्रीट, ७० पाइन स्ट्रीट अशी यादी वाढतच चालली आहे. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींना या घरांची ओढ वाटते, कारण तिथून ऑफिसला चालत जाता येतं. घरं वाईट नाहीत. पण या इमारती संध्याकाळी सहाला घरी जाणाऱ्या माणसांसाठी बांधल्या होत्या. घर बघताना हे डोक्यात ठेवलं नाही, तर पुढे मनस्ताप होतो.

खोली मोजली, खिडकी नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. १९३०च्या आसपासचे मनोरे वर निमुळते होत जातात. तेव्हा ऑफिसांमध्ये एसी सर्रास नव्हता, त्यामुळे कामाची टेबलं खिडकीजवळ असणं भागच होतं. ७० पाइन तसं आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारती मात्र रुंद आणि खोल. ट्यूबलाइट आणि एसीच्या भरवशावर मजल्याच्या मध्यभागीही माणसं बसवलेली. खिडकीपासून २५-३० फुटांच्या पलीकडे दिवसाउजेड जेमतेम पोहोचतो. म्हणून १८० वॉटर स्ट्रीटच्या इमारतीला मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी कापली, आणि २५ वॉटर स्ट्रीटमध्ये दोन चौक काढले.

आता तुम्हाला दाखवलेलं घर रस्त्याकडे उघडतं की त्या चौकाकडे, हे विचारा. चौकाकडचं आणि खालच्या मजल्यावरचं घर दुपारीही दिवा लावायला लावू शकतं. फोटो बहुधा वरच्या मजल्याचे असतात. तुम्हाला मिळणारंच घर बघायचा आग्रह धरा, तेही दिवसा, सगळे दिवे बंद करून.

जाहिरातीत 'एक बेडरूम आणि होम ऑफिस' असं दिसलं तर ते 'होम ऑफिस' म्हणजे बहुतेक वेळा खिडकी नसलेली खोली. न्यूयॉर्कच्या नियमांप्रमाणे राहत्या खोलीला उजेड आणि वारा देणारी खिडकी हवीच, म्हणून तिला बेडरूम म्हणता येत नाही. दोन मित्र भाडं वाटून घेतात आणि एकजण त्या खोलीत झोपू लागतो, हे सर्रास चालतं. कृपा करून हे करू नका. आग लागली तर त्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट नसते, आणि सूर्य न बघता काढलेला तिथला हिवाळा मनावर फार वाईट परिणाम करतो. तेवढ्या पैशात नदीपलीकडे जर्सी सिटीत खिडकीवाल्या दोन खोल्या मिळत असतील तर त्या घ्या.

खिडकी हाताने उघडूनही बघा. काही खिडक्या चार बोटंच उघडतात. घरात दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर खिडक्यांना संरक्षक गज बसवून देणं घरमालकावर बंधनकारक आहे; ते आधीच सांगून ठेवा.

फोडणीचा धूर कुठे जातो हे न विचारणं

शेगडीवर चकचकीत हूड दिसतो आणि आपण खूश होतो. पण अनेक उंच इमारतींमध्ये तो धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. हूडच्या वरचं कपाट उघडा: आतून वर जाणारा नळा दिसला तर ठीक. नसेल, आणि हूडच्या पुढच्या बाजूला हवा सोडणारी झडप असेल, तर मिरचीची फोडणी घरभर फिरणार आणि धुराचा अलार्म वाजणार. रोज स्वयंपाक करणाऱ्यासाठी मला हे जिममधल्या यंत्रांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

५५ ब्रॉड स्ट्रीटसारख्या इमारती पूर्ण विजेवर चालतात. शेगडी इंडक्शनची असेल तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि ॲल्युमिनियमची कढई चालणार नाही. सामान बांधण्याआधीच विचारून घ्या.

जाहिरातीतलं भाडं खरं मानणं

समजा करारातलं भाडं महिना ४,२०० डॉलर आहे आणि १४ महिन्यांच्या करारात दोन महिने माफ. बारा महिन्यांचे पैसे चौदा महिन्यांत वाटले की ३,६०० येतात, आणि जाहिरातीत हाच आकडा झळकतो. पण ज्या महिन्यात माफी नाही, त्या महिन्यात ४,२००च भरायचे. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी वाढही बहुधा ४,२००वर लागते. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवं, असा इथला रिवाज आहे. तोही मोठ्या आकड्यावर लावला तर १,४४,०००ऐवजी १,६८,००० डॉलर पगार लागतो. पोहण्याचा तलाव, जिम, बैठकीच्या जागा यांचं शुल्क वेगळं आहे का, तेही विचारा.

अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि अर्जाचं शुल्क २० डॉलरच्या वर घेता येत नाही, हे २०१९च्या कायद्यात आहे. जून २०२५पासून शहरात दलाली ज्याने दलाल नेमला त्याने भरायची आहे.

जुन्या रूपांतरित इमारतींबद्दल एक गोष्ट फार कमी भाडेकरूंना माहीत असते. १९९५ साली या भागात ऑफिसांची घरं व्हावीत म्हणून ४२१-जी नावाची करसवलत दिली गेली. ती सवलत चालू असेपर्यंत तिथली घरं भाडेनियंत्रणात येतात, भाडं कितीही जास्त असलं तरी, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. तुमची इमारत त्यातली आहे का आणि तिची सवलत अजून चालू आहे का, ते विचारा. घरात राहायला गेल्यावर राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून आपल्या घराच्या भाड्याचा इतिहासही मागवता येतो.

हीटिंगचं बिल

ऑक्टोबर ते मे घर गरम ठेवण्याची सोय करणं घरमालकाचं काम आहे: बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा आत ६८ (म्हणजे २० सेल्सियस), आणि रात्री, बाहेर कितीही असलं तरी, ६२. पण रूपांतरित इमारतींत बऱ्याचदा खिडकीखाली विजेचं यंत्र असतं आणि वीज तुमच्या मीटरवर चालते. हे बिल तुम्हीच भरणार असाल तर मागच्या दोन वर्षांची बिलं किंवा त्यांचा गोषवारा लेखी मागायचा हक्क तुम्हाला आहे. नव्या इमारतीत दोन वर्षांची बिलं नसतात. तिथे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या रहिवाशाला जानेवारीचं बिल किती आलं ते विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

फक्त कामाच्या दिवशी घर बघणं

मंगळवारी दुपारी हा भाग गजबजलेला असतो. रविवारी संध्याकाळी पुन्हा जा. दूध कुठे मिळतं, औषधाचं दुकान उघडं आहे का, रस्त्यावर माणसं आहेत का, ते बघा. वन वॉल स्ट्रीट या इमारतीत होल फूड्स हे किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे. कढीपत्ता आणि ज्वारीच्या पिठासाठी मात्र वर्ल्ड ट्रेड सेंटरहून पाथ ट्रेनने जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरला उतरून न्यूअर्क ॲव्हेन्यू गाठणं सोपं.

लिफ्टचीही चौकशी करा. २० एक्सचेंज प्लेस या ५७ मजली इमारतीत लिफ्ट वारंवार बंद पडत होत्या आणि रहिवासी जिने चढत होते, याच्या बातम्या २०२१-२२मध्ये गाजल्या. आई-वडील भारतातून राहायला येणार असतील तर फार वरचा मजला घेण्याआधी विचार करा.

आणि पाणी. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळात वॉटर स्ट्रीटचा परिसर बुडाला होता. २०२३पासून भाडेकरारात पुराचा धोका आणि पूर्वी पूर आला होता का, हे लिहिणं सक्तीचं आहे. ते पान वाचा. भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो.

सही झाली आणि मग लक्षात आलं तर

घर नीट गरम होत नसेल तर रोजचं आतलं तापमान वेळेसह लिहून ठेवा, फोटो काढा, घरमालकाला लेखी कळवा आणि ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. वकिलाशी बोलल्याशिवाय भाडं थांबवू नका; खटला तुमच्यावरच येऊ शकतो.

घर सोडायचंच असेल, तर रिकामं घर पुन्हा भाड्याने देण्याचा प्रयत्न करणं घरमालकाला कायद्याने भाग आहे. चार किंवा अधिक घरांच्या इमारतीत पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगीही मागता येते. सर्टिफाइड टपालाने अर्ज पाठवा. योग्य कारणाशिवाय नकार देता येत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर ती संमती धरली जाते. टपालाची पावती जपून ठेवा.